ताण तोडायची वेळ

आजकाल कोणीही उठतो आणि ‘मला फार ताण आहे’ म्हणतो. माझी सून म्हणते, मुलगा म्हणतो, परवा तर शेजारचा चौथीतला पोरगा चित्रकलेच्या परीक्षेवरून म्हणाला. हा शब्द कानावर आला की मला भोंगाडे सर आठवतात. सरांच्या लेखी ताण ही कोणाला येणारी गोष्ट नव्हतीच, ती द्यायची गोष्ट होती. संत्र्याच्या झाडाला द्यायची, शाळेतल्या मुलांना द्यायची, आणि दुसरं कोणी हाताशी नसलं तर स्वतःला.

रोहण्याच्या शाळेत आम्ही बरीच वर्षं बरोबर होतो. ते मराठी शिकवायचे, मी गणित. उंच, वाळलेला माणूस, पांढरा शर्ट, बाह्यांचीसुद्धा बटणं लावलेला. वर्गात ते इतकं पुस्तकी बोलायचे की पोरं बुजून जायची, आणि स्टाफरूमच्या उंबऱ्यात पाय पडला की लगेच, “काऊन बे, चाय आला नाई अजून?” चहा आला की मात्र तो समोर ठेवून नुसते बसून राहायचे. आमचे कप रिकामे होऊन धुवायला जायचे, तरी यांचा चहा तसाच.

“सर, थंड झाला की हो,” मी एकदा म्हटलं.

“होऊ द्या. अजून तल्लफ पुरी आली नाई, थूल मॅडम. तल्लफ आल्याबिगर चाय पेला त थो वाया जाते.”

मग साय धरलेला तो गारढोण चहा असा चवीने प्यायचे की आपल्यालाच आपला गरम चहा फुकट गेल्यासारखं वाटावं.

मुलांना त्यांनी कधी ‘शाबास’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. आमच्या शाळेतली एक मुलगी मराठीत तालुक्यात पहिली आली. पेढे घेऊन पाया पडायला आली, तर हे म्हणाले, “बाकीचे मार्क कुठे सांडलेस?” पोरीचं तोंड एवढंसं झालं. ती गेली आणि यांनी पेढा खिशातल्या रुमालात बांधला. “घरी नेतो. बायकोले दाखवतो, पाह्य म्हनतो, माही पोरगी पयली आली.” मी चिडले. म्हटलं, हेच तिच्या तोंडावर सांगितलं असतं तर तुमच्या जिभेला काटे टोचले असते का? सर हसले. “शाबासकी म्हंजे पानी हाय, मॅडम. बेटाइम देल्लं त नुसते पानं माजते.” पोरं त्यांना मागून ‘टेन्शन सर’ म्हणायची आणि त्यांना ते माहीत होतं. मला त्यांचा राग यायचा. पण तीच पोरं पुढे मोठी झाली आणि गावी आली की आधी सरांच्या घरी जायची, हेही खरं आहे.

सरांचं मूळ गाव आता धरणाच्या पोटात आहे. आमच्या भागात ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. वर्धा नदीवर धरण झालं तेव्हा काही गावं उठली, माणसं नव्या वस्तीत आली, वस्तीलाही जुनंच नाव दिलं. सरांना त्याबद्दल रडताना कोणी पाहिलं नाही. उलट ते धरणाचे मोठे अभिमानी. एकदा नववीच्या पेपरात त्यांनी ‘पाणी सोडणे’ हा वाक्प्रचार विचारला, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा म्हणून. पुस्तकातला अर्थ हक्क सोडून देणे, आशा सोडणे. पण पोरं कालव्याकाठची. निम्म्या वर्गाने लिहिलं, ‘पाणी सोडणे म्हणजे धरणाचा दरवाजा उघडणे. वाक्य : साहेबांनी पाणी सोडले आणि आमचा गहू वाचला.’ सर पेपर तपासता तपासता खो खो हसत सुटले.

“मार्क देता की कापता?” मी विचारलं.

“दोन्ही अर्थ बरोबर हायेत, मॅडम. मी दोन्ही भोगले. आमी गावावर पानी सोडलं, अन् सरकारनंबी आमच्या गावावर पानी सोडलं.” आणि सगळ्यांना पूर्ण मार्क दिले. एरवी मार्क देताना त्यांचा हात आखडायचा, म्हणून हे लक्षात राहिलं.

जुन्या वावराच्या बदल्यात मिळालेल्या पैशात सरांनी रोहण्याच्या पुढे, कालव्याला लागून जमीन घेतली. मुरमाड, हलकी जमीन. काळ्या, भारी मातीत वाढलेल्या माणसाने असली जमीन घ्यावी याचं गावाला नवल वाटलं. पण सरांचा हिशेब साधा होता. आपलं वावर धरणात आहे, त्याच्यावर उभं राहिलेलं पाणी कालव्याने आपल्याच दारात येईल, मग जमीन कशी का असेना. कालव्याला पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्या मास्तरांना वावरात नेलं होतं. गढूळ, काड्याकचरा घेऊन येणारं ते पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं आणि सरळ पिऊन टाकलं. त्यांच्या बायको, निर्मलाकाकू, ओरडल्या, “अवो, काय करून राह्यले! जुलाब लागंन न!”

“आपल्या गावचंच हाय,” सर तोंड पुसत म्हणाले.

त्या जमिनीत दोघा नवराबायकोंनी संत्र्याची बाग उभी केली. मूलबाळ नव्हतं. काकू दुपारच्या उन्हात पदर डोक्यावर घेऊन झाडांची आळी करायच्या आणि सर शाळा सुटली की कपडे न बदलता तिकडे जायचे. बाग धरायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सरांच्या त्या सगळ्या तत्त्वज्ञानाचं मूळ कुठे आहे.

मी नोकरीपेशातल्या घरची, मला झाडाचं काय कळतंय. डिसेंबरात एकदा त्यांच्याकडे गेले तर सगळी बाग मलूल. पानं वळून कोमेजलेली, माती भेगाळलेली, आणि विहिरीत तर पाणी दिसत होतं. मी म्हटलं, मोटर बिघडली का? काकू तोंडाला पदर लावून हसल्या.

“ताण देल्ला हाय,” सर म्हणाले. “पानी तोडलं. आंब्या बहार घ्याचा हाय न, जानेवारीतल्या फुलाचा.” मग वर्गात सांगायचे तसं, बोट वर करून, पण वऱ्हाडीत, सांगत गेले. “झाडाले रोज पानी भेटलं त थे मस्त पानं काढत बसते. त्याले काय घाई हाय? मंग आपन पानी तोडतो. झाडाले वाटते, आता आपन मरतो. मराच्या आंधी लेकरं त ठेवून जाऊ, म्हून थे फुलाची तयारी करते. बस, थ्या टायमाले पानी द्याचं. त्याले म्हनते ताण तोडनं. मरनाचं भेव दाखवल्याबिगर संत्रं फुलत नाई, मॅडम.”

“आणि वेळ चुकली तर?”

“लवकर तोडला त पानंच येते, फूल नाई. उशीर केला त...” त्यांनी हात हलवला. “पन उशीर कायले होईन? कॅनलची पाळी जानेवारीत येतेच.”

आणि यायची. सांगतात त्या सुमाराला धरणातून पाणी सुटायचं, बागेला मिळायचं, आणि काही दिवसांत असा काही वास सुटायचा की शाळेच्या व्हरांड्यात पोरं नाक वर करून उभी राहायची. सर त्या दिवसांत वर्गात थोडे सैल असायचे. एकदा तर एका पोराला ‘बरं लिहिलंस’ म्हणाले, आणि तो पोरगा घाबरून घरी आईला सांगायला पळाला.

मी निवृत्त झाले आणि आम्ही नाचणगावला राहायला आलो. सर माझ्या आधीच निवृत्त झाले होते. आता पूर्ण वेळ बाग. फोन व्हायचा, संत्र्याच्या दिवसांत एसटीच्या कंडक्टरबरोबर पिशवी यायची. मग ते वाईट वर्ष आलं.

पाऊस असा नव्हताच. पोळ्याला नदी जेमतेम वाहत होती. दसऱ्याला सगळ्यांना कळून चुकलं की धरण भरलेलं नाही. तरी रब्बीला कालव्याची पाळी मिळणार असं जाहीर झालं आणि सरांनी ठरल्याप्रमाणे बागेचं पाणी तोडलं. काकू म्हणाल्या, यंदा ताण नका देऊ, विहिरीचं थोडं थोडं देत राहू, बहार गेला तर गेला. सरांनी ऐकलं नाही. पाळी जाहीर झाली आहे म्हणजे येणार. धरण म्हणजे त्यांच्या घरचंच होतं ना.

जानेवारी उजाडला, पाळी आली नाही. पुढच्या आठवड्यात येईल म्हणाले. मग त्याच्या पुढच्या. मग कानावर आलं की धरणात उरलेलं पाणी गावांच्या आणि शहरांच्या पिण्यासाठी राखून ठेवायचं घाटत आहे. आमच्याकडे नळ दिवसाआड यायचा, पण यायचा. मी हंडे भरून ठेवायची आणि सरांना फोन करायचा माझा धीर व्हायचा नाही. काय विचारणार, बागेला पाणी मिळालं का?

शेवटी मीच एक दिवस गेले. बागेत पाऊल टाकलं. या वेळची पानं नुसती वळलेली नव्हती, गळत होती. वारा नव्हता तरी गळत होती. त्या दिवशी मी बागेतल्याच त्यांच्या घरात पाणी पिऊन पेला खाली ठेवते न ठेवते तोच बाहेर आरडाओरडा झाला. काकू भांडी धुतलेलं पाणी बादलीत भरून गोठ्याजवळच्या एका झाडाला घालत होत्या आणि सरांनी त्यांना पकडलं होतं. सर चिडले की पुस्तकी बोलायचे, हे आम्हाला शाळेपासून माहीत.

“हे काय चालवलं आहे तुम्ही? किती दिवसांपासून चालू आहे?”

काकू बादली धरून तशाच उभ्या. त्या झाडाला कोवळी पालवी फुटलेली होती, अख्ख्या बागेत त्या एकट्याला. मला ते बघून बरं वाटलं होतं, सरांना नाही.

“बिघडवलंत झाड. पालवी आली, आता फूल येणार नाही.”

“नाई येल्लं त नाई येल्लं,” काकू म्हणाल्या. “जगंन त खरी थे. अवो, विहिरीत दोन हात पानी हाय अजून. द्या न थोडं थोडं. मी पाया पडतो तुमच्या.”

“अर्धवट ताण तोडला तर सगळी बाग वाया जाईल. पाळी येणार आहे.”

“येनार, येनार! कोन सांगतलं तुमाले?”

सरांनी बादली घेतली आणि पाणी रस्त्यावर ओतून टाकलं. काकूंनी आत जाऊन मला पोहे केले, कोथिंबीर घालून, लिंबू कापून. मी सरांशी धड बोलले नाही. त्या दिवसानंतर काकूंनी पुन्हा बादली उचलली नाही, असं पुढे त्यांनीच मला सांगितलं. ते झाडही गेलं.

कालव्यावर त्याच सुमारास शेतकरी जमले होते. शहराला जाणारं पाणी बंद पाडू, धरणावर जाऊन बसू, असं काही तरुण म्हणत होते. सरांची बाग सगळ्यांत आधी जाणार हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून त्यांनाच पुढे करायचं ठरलं. सर उभे राहिले आणि म्हणाले, “प्याचं पानी पयले. लोकायच्या घरी लेकरं हायेत.” एवढं बोलून बसले. पोरं भडकली. कोणी तरी म्हणालं, मास्तरले पेन्शन हाय, त्याले काय. मला ही गोष्ट नंतर कळली आणि नळाखाली हंडा लावताना मी कितीतरी दिवस ती घोकत होते. राग कोणाचा करावा तेच कळेना.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. “येता का मॅडम? माह्यं गाव दाखवतो. पुना दिसंन का नाई, सांगता येत नाई.” मी आणि माझे यजमान मोटरसायकलवर गेलो. सर धरणाच्या भिंतीपाशी उभे होते. पाणी इतकं आटलं होतं की ओळखू येईना. चिखल वाळून जमीन वर आलेली, आणि त्या जमिनीतून आम्ही तिघं चालत सरांच्या गावात शिरलो. घरांचे नुसते चौथरे. “हे मारुतीचं देऊळ. थो तिकडं ओटा दिसते न, थो तुमच्या लोकायचा विहार. बाबासाहेबाच्या जयंतीले मी तिथं लेझीम पाहाले जायचो.” एका दगडी पायरीवर ते क्षणभर बसले आणि लगेच उठले. म्हणाले, घर आमचं होतं हे.

गावाच्या पलीकडे आम्ही थबकलो. समोर हिरवंगार होतं. धरणातलं पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. कोणीतरी हरभरा पेरला होता आणि तो असा तरारलेला की डोळे निवावेत. सर बांध शोधत होते. तिथे एक बाभळीचं काळं खोड होतं, त्यावरून त्यांनी ओळखलं.

“हे माह्यं वावर.”

हरभऱ्यात एक जण टहाळ उपटत होता. आम्हाला बघून त्याने हाक मारली, मूठभर टहाळ सरांच्या हातात दिले. “खा, बाबाजी. गाळपेरीचा हाय. एक बी पानी द्या लागत नाई याले.”

“वावर कोनाचं हाय?” सरांनी विचारलं.

“सरकारचं.”

सर घाटे सोलून खात उभे राहिले. मग मला म्हणाले, “माह्यं वावर माह्याहून शायनं निंघालं, मॅडम. पान्यापाशीच राह्यलं.” ते हसत होते. मला मात्र तिथे उभं राहवेना. मी यजमानांना खुणावलं की चला.

पाळी रद्द झाल्याचं त्याच महिन्याच्या शेवटी जाहीर झालं. त्याच दिवशी सरांनी विहिरीवरची मोटर चालू केली. काही ओळींपर्यंत पाणी गेलं आणि मग मोटर चिखल ओढायला लागली. पाणी मिळालेल्या झाडांपैकी काहींना फुलं आली. निष्पर्ण काटक्यांवर पांढरी फुलं. सरांचं म्हणणं खरंच होतं, मरायच्या आधी झाड फुलतं. वासही तोच आला. काकू त्या आठवड्यात दारं लावून घरात बसून होत्या. मग फुलं गळली, मग सालं सुटायला लागली, आणि मे महिन्यात फांदी वाकवली की काडकन तुटायची.

मी कधी सरांना टाकून बोलले नाही. बोलायला हवं होतं असंही वाटत नाही. त्यांचं ते सगळं शहाणपण, चहापासून शाबासकीपर्यंतचं, एका गोष्टीवर उभं होतं : ताण देणाऱ्याच्या हातात पाणी असतं. त्यांच्या हातात ते नव्हतं. चावी दुसऱ्याच्या हातात असताना त्यांनी झाडांना मरणाचं भय दाखवलं.

पुढच्या वर्षी पाऊस असा झाला की विचारू नका. धरण भरलं, दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांना सावध राहा म्हणून दवंडी फिरली. हिवाळ्यात कालव्याला भरून पाणी आलं. मला रोहण्याला एका लग्नाला जायचं होतं, वाटेत सरांकडे उतरले. मनाची तयारी करून गेले होते की उघडं माळरान बघायला लागेल. आणि पाहते तो काय, ओळीच्या ओळी हिरव्या! वरची वाळकी लाकडं छाटलेली, आणि प्रत्येक खोडाच्या बुडातून चांगले हातभर, दोन हात कोंब आलेले. मी लहान पोरीसारखी ओरडले, “सर! बाग वाचली!”

रस्त्याने सायकलवर जाणारा एक जण थांबून म्हणाला, “फुटली न सर बाग! देव हाय बाप्पा!” सरांनी त्याला हात केला. “हो, हो.”

तो गेला आणि सरांनी मला जवळ बोलावलं. एक पान तोडून चुरगाळलं, माझ्या नाकाशी धरलं. संत्र्याचा वास मला इतक्या वर्षांत पाठ झाला होता. हा तो नव्हता, उग्र, लिंबासारखा होता. कोंबावर करंगळीएवढे काटे होते.

“हे संत्रं नोहे, मॅडम. जंबेरी हाय. कलम बांधतानी खाली जंबेरीचं खोड असते, वर संत्र्याचा डोळा भरते. वरचं संत्रं मेलं. खालची जंबेरी जंगली जात, थे मरत नाई, थेच फुटली. येईन फळ, आंबट ढोन. कोनी खात नाई.” मग आवाज उतरवून म्हणाले, “निर्मलाले सांगू नका. थे खुश हाय. रोज सकाळी पाहाले येते. तिले वाटते बाग आली.”

काकू चहा घेऊन आल्या. केस पार पांढरे झाले होते. “पाह्यलं का मॅडम? फुटली का नाई आमची बाग?” मी मान हलवली. सरांनी चहा घेतला आणि गरम गरमच पिऊन टाकला.

बसच्या थांब्यापर्यंत काकू पोचवायला आल्या. संत्री नव्हती म्हणून पिशवीत वांगी आणि तुरीच्या शेंगा भरून दिल्या. बस लांबून दिसायला लागली तसं त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या मनगटावर, पंज्यावर बारीक ओरखडे होते, काही ताजे.

“मॅडम, तुमी त शिकेल हा, तुमाले समजलंच असंन,” त्या म्हणाल्या. “थे जंबेरी हाय. पयल्याच दिवशी काटा लागला न मले. पन त्यायले सांगू नका बरं. त्यायले वाटते, झाडं वाचले. झोप लागते त्यायले आता.”

बस आली. मी खिडकीशी बसले. सर बागेत पोचले होते, पाळीचं पाणी आलं होतं, आणि ते फावड्याने माती ओढून एका ओळीचं पाणी दुसऱ्या ओळीला वळवत होते. काकू रस्ता ओलांडून त्यांच्याकडे निघाल्या होत्या.

त्यानंतर सर मला दिसले नाहीत. ते गेल्याचं मला उशिरा कळलं. काकू अजून तिथेच राहतात आणि कालव्याला पाळी आली की बागेला पाणी देतात.